फुलांची वाडी आणि सूत्रातले एक वाक्य

डोहाळजेवणाला फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, हातात द्यायला धनुष्यबाण, सारे घरच्या बायका हाताने ओवत. हीच फुलांची वाडी. ही हौस शास्त्रात कुठे बसते?

आश्वलायन गृह्यसूत्रात सीमंतोन्नयनाचा विधी दिला आहे. कच्च्या फळांचा घोस, तीन पांढरे ठिपके असलेला साळिंदराचा काटा आणि दर्भाच्या जुड्या घेऊन पती गर्भवती पत्नीचा भांग काढतो. वीणावादक सोमराजाचे गाणे गातात. शेवटी सूत्रकार म्हणतो, पती व मुले हयात असलेल्या वृद्ध ब्राह्मण स्त्रिया जे जे सांगतील ते ते करावे.

मला हे वाक्य मोलाचे वाटते. मंत्रांच्या विधीत बायकांच्या रीतीला इथे मान मिळाला. वाडी, ओटी यांसारख्या रीती अशाच आधाराने टिकल्या असाव्यात. पण त्याच वाक्याने विधवा आणि मूल नसलेल्या स्त्रिया बाहेर राहिल्या. बाळासाठी गोधडी शिवायला विधवा आत्या चाले, ओटी भरायला मात्र चालत नसे.

आता घरातल्या वृद्ध स्त्रिया म्हणजे आम्हीच. सूत्राप्रमाणे आमचे ऐकायचे असेल, तर ऐका: ओटी भरायला आधी आत्याला बोलवा.