अनिर्णित डावाचे वाचन

इतिहास बहुधा निकालाच्या बाजूने लिहिला जातो, आणि बुद्धिबळाचा इतिहास त्याला अपवाद नाही. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने जलद डावात कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. एवढे सर्वांना ठाऊक आहे. मात्र २६ जुलैला याच दोघींत झालेला अंतिम फेरीचा पहिला डाव ४१ खेळ्यांनंतर बरोबरीत सुटला आणि विस्मरणात गेला. माझ्या मते या लढतीचे वाचन तिथूनच सुरू करायला हवे.

पांढरी मोहरी दिव्याकडे होती. डावाची सुरुवात ‘क्वीन्स गॅम्बिट ॲक्सेप्टेड’ पद्धतीने झाली. दोन्ही बाजूंची वजिरापुढची प्यादी दोन-दोन घरे पुढे येतात. मग पांढरा शेजारचे, उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवून ते मारू देतो, आणि काळा ते मारतो. हे दान तसे फसवेच. ते प्यादे काळ्याला सहसा राखता येत नाही. शिवाय ते घेताना पटाच्या मध्यावरचा त्याचा ताबा सैल होतो. बदल्यात त्याला मोहरी बाहेर काढण्यास मोकळीक मिळते. ही चाल युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरच्या ग्योटिंगेन हस्तलिखितातही सापडते. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे एका वेळी एकच घर चालत असे. तिथे हा प्रारंभ संभवतच नव्हता.

दिव्याने लवकरच वरचष्मा मिळवला, जिंकण्याची संधीही तिच्यापुढे आली. पण ती निसटली. २००२ पासून ग्रँडमास्टर असलेल्या हंपीने बचाव चिवटपणे सांभाळला. अशा डावाला ‘अनिर्णित’ म्हणणे मला अपुरे वाटते. देशी खेळात प्रतिपक्षाचा एकटा राजा उरला, की त्या स्थितीला ‘बुर्जी’ हे वेगळे नाव होते. ती पूर्ण मात नव्हे. जय आणि पराजय यांच्या मधल्या अवस्थांसाठी त्या खेळणाऱ्यांकडे शब्द होते.

खाडिलकर भगिनींच्या बाबतीतही आपण हेच केले. वासंती खाडिलकर यांनी १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या ठरल्या, हे आपण नोंदवतो. त्यांचे डाव कोण उघडून पाहतो?

बातुमीतील दुसरा डाव बरोबरीत सुटला, पहिला जलद डावही. चौथ्यात पांढरी मोहरी हंपीकडे होती, जिंकली काळी.