तेल नेमके कुठून गळते?

आजचा विषय जरा तेलकट आहे.

आमच्या हातखंब्याला समुद्र नाही, महामार्ग आहे (पूर्वीचा 17 नंबरचा, आता 66). तिठ्यावरून रत्नागिरीचा रस्ता फुटतो आणि पुढे मिरकरवाड्याच्या बंदराला भिडतो. या महामार्गावर ट्रक ओढणारे लेलँडचे इंजिन आणि बंदरातल्या कित्येक ट्रॉलरच्या पोटातले इंजिन यांचे गोत्र एकच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फरक गिअरबॉक्सचा.

गलबतांच्या काळात गिअरबॉक्स नव्हताच. गळती असायची ती पाण्याची, फळ्यांच्या फटींतून. त्यावर उपाय म्हणजे कापूस, राळ आणि वरून माशाच्या तेलाचा हात. मग आगबोटी आल्या. त्यांचे वाफेचे इंजिन थेट पंख्याच्या शाफ्टला जोडलेले. मागे जायचे तर इंजिनच उलटे फिरवायचे. मात्र शाफ्ट बुडातून बाहेर पडतो तिथले धातूचे बेअरिंग झिजायचे आणि पाणी आत शिरायचे. 1854 च्या सुमारास जॉन पेन या इंग्रज अभियंत्याने तिथे लिग्नम व्हिटे नावाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. हे लाकूड जात्याच तेलकट, वर समुद्राचे पाणीच त्याला वंगण. धातूचे दुखणे लाकडाने बरे केले, याची मला फार गंमत वाटते.

स्वातंत्र्यानंतर डिझेल आले. 1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ मच्छीमार होड्यांना इंजिने बसवण्याचा प्रकल्प निघाला. आपल्याकडेही सहकारी संस्थांमार्फत कर्जे मिळाली, होड्यांना इंजिने लागली. असे इंजिन उलटे फिरवता येत नाही, शिवाय त्याचा वेग पंख्याला जास्त होतो. म्हणून मध्ये गिअरबॉक्स आला.

पाठ्यपुस्तकात या सगळ्याला ‘यांत्रिकीकरण’ हा एकच शब्द. मी तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला आहे. पण हळूहळू ट्रॉलरवरून शीड गेले, ही गोष्ट त्या शब्दात येत नाही. शीड फाटले तर शिवता येते. खडकाजवळ वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना गिअरबॉक्स कोरडा पडला, तर इंजिन धडधडत राहते, पंखा हलत नाही, आणि तांडेलाच्या हाती एक नांगर तेवढा उरतो. पाच-सहा खलाशांचा जीव ऑइल सील नावाच्या रबरी कड्यावर येऊन ठेपला. (हे सील आधी चामड्याचे असत, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कृत्रिम रबराची आली.)

माझा एक माजी विद्यार्थी बंदरात जुनी इंजिने दुरुस्त करतो. वर्गात गणिताला घाबरायचा, पण गळतीचे निदान करताना त्याचे तर्कशास्त्र ऐकावे! आधी गिअरबॉक्स डिझेलने धुऊन लख्ख पुसायचा, खाली पांढरा कागद पसरायचा आणि मग इंजिन चालू करायचे. तेल वाहत खाली येते, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथे भोक असेलच असे नाही. पुढच्या बाजूला काळे तेल आले तर ते बहुधा इंजिनाचे; गिअरबॉक्स निर्दोष. मागच्या कपलिंगभोवती गोल शिंतोडे उडालेले दिसले तर मागचे सील गेले. सगळीकडूनच थोडे थोडे पाझरत असेल तर आधी हवेचे भोक बघायचे. ते बुजले की तापलेल्या तेलाचा दाब चांगल्या सीलमधूनही वाट काढतो. तेल जादा भरले तरी तेच.

खरी फसवी गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. होडीच्या तळाशी थेंब नाही, तरी तेल कमी होते. तेव्हा बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याकडे बघायचे. त्यावर सप्तरंगी तवंग असला तर ऑइल कूलरची नळी फुटलेली. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल समुद्रात जाते. बंद केले की खारे पाणी उलटे आत येते. सकाळी पट्टी काढून पाहावी तर तेल दुधाच्या चहासारखे. अशा तेलावर बेअरिंग किती दिवस टिकणार?

आणि नवे सील दोन महिन्यांत पुन्हा गळले तर दोष सीलचा नाही. एक तर शाफ्टला खाच पडलेली असते, नाहीतर गिअरबॉक्स आणि शाफ्ट एका रेषेत नसतात. लाकडी होडीत हे हटकून होते. पावसाळी बंदीत ती किनाऱ्यावर उभी राहून सुकते, ऑगस्टमध्ये पाण्यात गेली की फळ्या फुगतात, आकार किंचित बदलतो. म्हणून जुने मिस्त्री किनाऱ्यावर कपलिंगचे बोल्ट नुसते अडकवून ठेवायचे. होडी पाण्यात काही दिवस मुरली की मगच फट मोजून ते घट्ट आवळायचे. आता हंगामाच्या घाईत किनाऱ्यावरच आवळून मोकळे होतात, असे हा विद्यार्थी सांगतो. दिवाळीआधीच त्यातल्या काही होड्या तेल गाळत परत त्याच्याकडे येतात. फायबरच्या होडीला हे मुरणे लागत नाही, पण त्याच्याकडे अजून लाकडी होड्याच जास्त येतात.