उदक मारत होती, तरी जळली : मांडवीकाठच्या एका मोटरीची नोंद

मांडवीच्या उत्तर काठावरच्या जुन्या वस्तूंची यादी करताना एका घराच्या खोपीत आम्हांला होडीची एक जपानी आऊटबोर्ड मोटर मिळाली. दोन सिलिंडरची, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची. घरचे म्हणाले, घेऊन जा, जळलेली आहे. मंडळात ठरलं की घासून, रंग देऊन प्रदर्शनात ठेवू. मी म्हटलं, आधी मला उघडू द्या. निम्मं आयुष्य पंप आणि इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं असल्याने बंद यंत्र बघितलं की हात शिवशिवतात, हे एक कारण. दुसरं कारण त्या घरातलं भांडण.

ते असं. होडी दोघा भावांची. मोटर जॅम होऊन बंद पडली त्या दिवशी धाकटा चालवत होता. थोरल्याचं म्हणणं आजही एकच : "उदक मारताली. तेल उणें घाललें ताणें." म्हणजे थंड करणारं पाणी शेवटपर्यंत बाहेर पडत होतं, तेव्हा दोष पाण्याचा नाही, इंधनात मिसळायचं तेल धाकट्याने कमी घातलं. होडी विकावी लागली, आणि त्यानंतर धाकटा दुसऱ्यांच्या होड्यांवर कामाला जात राहिला.

गोव्यातल्या मासेमारीच्या यांत्रिकीकरणावर जे लिहिलं गेलं आहे ते बहुतेक ट्रॉलरविषयी आहे. १९६१ नंतर सरकारी कर्ज-अनुदानातून आलेले ट्रॉलर, त्याविरुद्ध सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलेलं रापणकारांचं आंदोलन, मातान्ही साल्ढाणांचं नेतृत्व, १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा. हे सगळं योग्यच. पण त्यानंतरच्या वर्षांत पारंपरिक होडीच्याच मागे मोटर बसली, आणि ‘यांत्रिक विरुद्ध पारंपरिक’ ही सोपी विभागणी त्या होडीला लागू पडेना. ही मोटर गावात टिकली ती, ती का तापते हे कळणारा माणूस काठावर तयार झाला म्हणून. त्या माणसाने काही लिहून ठेवलेलं नाही. त्याने केलेलं काम फक्त यंत्राच्या पोटात सापडतं.

मुळात हे यंत्र इथल्या पाण्यासाठी जन्मलेलंच नाही. नॉर्वेत जन्मलेल्या ओल इव्हिनरूड यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९०९ साली आपली मोटर विक्रीला आणली : दीड अश्वशक्तीची, वजन सुमारे २८ किलो. तिथली तळी गोडी आणि थंड. बाहेरचं पाणी उचलायचं, सिलिंडरभोवती फिरवायचं, परत सोडून द्यायचं, एवढी साधी युक्ती. रेडिएटर नको, पंखा नको. तीच युक्ती आपल्याकडे आली तेव्हा लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असलेलं, २८-३० अंश तापमानाचं समुद्राचं पाणी तिच्या वाट्याला आलं. नदीत वर गेलं तर गाळ, किनाऱ्यावर लाटेत उतरवली तर वाळू. पावसाळ्यात मोटर खोपीत पडून राहते, आतलं मीठ सुकून दगड होतं. म्हणूनच धुण्याला महत्त्व. पिंपभर गोड्या पाण्यात मोटर बुडवून थोडा वेळ चालवायची. पण उन्हाळ्यात ज्या वाड्यावर विहिरीचा तळ दिसतो, तिथे पिंपभर पाणी मोटरीला कोण देणार?

तापणाऱ्या मोटरीकडे काठावरचा मेस्त्री कसा बघतो, ते मी अनेकदा शेजारी बसून पाहिलं आहे. पहिली नजर मागच्या बारीक भोकाकडे, तिथून पाण्याची धार पडते की नाही. नसेल तर आधी तार घालून बघायची, कारण कधी कधी सगळं ठीक असतं आणि कुंभारीण माशीने तेवढं भोक मातीने लिंपलेलं असतं. (एका मोटरीचा अर्धा पंप खोलून झाल्यावर मला हे कळलं. मेस्त्री हसला नाही, हे त्याचं मोठेपण.) मग खालची जाळी : प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ. मग पंप. त्यातला इंपेलर रबराचा. पाण्याविना थोडा वेळ जरी फिरला तरी पाती करपतात, तुटतात. मग थर्मोस्टॅट. मोटारगाडीचं इंजिन ८०-९० अंशांवर ठेवतात, पण खारं पाणी थेट आत फिरवणारं इंजिन त्याहून बरंच थंड ठेवावं लागतं, नाहीतर क्षार आतच चिकटतात. क्षार चिकटून थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की मोटर तापलीच. इथले मेस्त्री तो काढूनच टाकतात. पुस्तकात हे बसत नाही, पण कोमट पाण्यात फारसं बिघडत नाही.

आता आमची मोटर. पंपाचं झाकण उघडलं, इंपेलर जवळजवळ नवा, सगळी पाती शाबूत. थर्मोस्टॅटची जागा रिकामी. वरच्या झाकणाचा गास्केट कात्रीने कापलेल्या रबरी शीटचा. म्हणजे तापण्याची तक्रार जुनी होती आणि कोणीतरी तीनदा तरी तिच्या मागे लागलं होतं. पाण्याच्या वाटांमध्ये पांढरट खडा : मीठ आणि अ‍ॅल्युमिनियमचा गंज. मधे एक तांबूस थर दिसला आणि माझ्यातला इतिहासकार उगाच हुरळला, की हा खनिजाच्या बार्जेसच्या काळातला मांडवीचा लाल गाळ! नंतर लक्षात आलं, पोलादी बोल्टचा गंजही तसाच दिसतो आणि आपली जांभ्याची मातीही. ती कालगणना मी सोडून दिली.

खरी गोष्ट वरच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेत होती. खडा फोडताना काळ्या रबराचे दोन तुकडे निघाले, एकमेकांवर बसलेले. जुन्या इंपेलरची पाती. इंपेलर बदलला, पण तुटलेली पाती कुठे गेली ते कोणी शोधलं नाही. बाहेरच्या धारेचा फाटा या अडथळ्याच्या अलीकडून निघतो. त्यामुळे धार जोरात पडत होती आणि वरचा सिलिंडर कोरडा तापत होता. त्याचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने उभा खरडलेला. खालचा पिस्टन मात्र स्वच्छ. तेल कमी असतं तर? इंधनाची टाकी एकच, तेल मिसळलेलं इंधन दोन्ही सिलिंडरांना सारखंच जातं. खालच्या पिस्टनवरही ओरखडे दिसायला हवे होते.

हे मी दोघांनाही दाखवलं, पण वेगवेगळ्या दिवशी, कारण एका खोलीत ते बसत नाहीत. थोरल्याने दोन्ही पिस्टन हातात घेऊन उजेडात फिरवून बघितले. म्हणाला, "इंपेलर हांवेंच बदलिल्लो." नंतर बराच वेळ तो दुसरंच बोलत राहिला, मीही विषय वाढवला नाही.

धाकट्याने पिस्टनकडे बघितलंही नाही. "म्हजें तेल बरोबर आशिल्लें," एवढंच म्हणाला, आणि रबराचा एक तुकडा मागितला. देता आला नाही. दोन्ही तुकडे नोंदीत आहेत, आणि ‘बंद पडण्याचं कारण’ या रकान्यात ते जिथे सापडले ती जागा लिहिली आहे. मोटर आम्ही रंगवलेली नाही. प्रदर्शनात ती झाकण उघडं ठेवूनच मांडली आहे.