रमणा (राखीव मृगवन)

रमणा म्हणजे राजे व सरदार यांच्या शिकारीसाठी आणि विहारासाठी राखून ठेवलेले, हरणे व काळविटे बाळगलेले रान. हा शब्द ‘रम्’ या संस्कृत धातूशी निगडित असून हिंदीत तो ‘रमना’ या रूपात याच अर्थाने आढळतो. ढाका शहरातील एका प्रसिद्ध परिसराचे नावही रमना असेच आहे.

पेशवाईत या शब्दाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, त्या बंदिस्त आवारालाही रमणाच म्हणत. पर्वती परिसरातील रमणा गणपती या देवस्थानाच्या नावात तो शब्द टिकून आहे. म्हणून एखाद्या जागेचे नाव रमणा आहे एवढ्यावरून तेथे मृगवन होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. स्थानिक इतिहास लिहिताना ही चूक सहज घडते. नावाला कागदपत्रांची किंवा प्रत्यक्षदर्शी वर्णनाची जोड मिळणे आवश्यक ठरते.

पुण्याच्या बाबतीत अशी जोड मिळते. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिकारखान्याची गणना होते. सवाई माधवराव पेशव्यांना (१७७४–१७९५) प्राणी पाळण्याची विशेष आवड होती. त्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे, नोव्हेंबर १७९० मधील चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराचे मानले जाते. ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांनी पेशव्यांच्या रमण्यातील माणसाळलेल्या काळविटांचे वर्णन केले आहे.

जमिनीवरील पुरावा मात्र दुर्मीळ असतो. इंग्लंडमधील मध्ययुगीन मृगवनांभोवती मातीचा बांध, त्यावर लाकडी कुंपण आणि आतल्या बाजूने खंदक असे. हरणाने बाहेर उडी मारू नये, यासाठी खंदक आत ठेवीत. कुंपण कुजून गेले, तरी हे बांध अनेक ठिकाणी शेतांच्या वक्राकार सीमांतून आजही ओळखू येतात. काळवीट हा मोकळ्या माळरानाचा प्राणी. त्याच्यासाठी राखलेले गवताळ रान एकदा नांगराखाली आले, की तेथे बांधाइतकीही खूण उरत नाही. जेथे पक्के बांधकाम झाले तेथेच स्थिती वेगळी आहे. उदाहरणार्थ, पाकिस्तानातील शेखूपुरा येथे जहांगीर बादशहाने आपल्या लाडक्या काळविटाच्या स्मरणार्थ उभारलेला हिरन मिनार.

काही राखीव राने मात्र रूप पालटून टिकली. कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झाले. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आधुनिक वन्यजीव कायद्यान्वये घोषित झालेले आहे. काळविटांमुळे ते जुन्या रमण्यांच्या यादीत घालणे योग्य नव्हे.