उद्देश कलम

उद्देश कलम हे कंपनीच्या घटनापत्रकातील एक अनिवार्य कलम आहे. कंपनी कोणत्या कामासाठी स्थापन होत आहे, हे त्यात नमूद केलेले असते. नाव, नोंदणीकृत कार्यालय, दायित्व आणि भांडवल यांविषयीची कलमेही घटनापत्रकात असतात. मात्र कंपनीच्या अधिकारांची मर्यादा उद्देश कलमाने ठरते. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम ४ नुसार हे कलम लिहिणे बंधनकारक आहे.

## स्वरूप

कंपनी अधिनियम, १९५६ खाली उद्देशांची विभागणी मुख्य, आनुषंगिक आणि इतर अशी केली जात असे. 'इतर उद्देशां'त भविष्यात कदाचित करावयाच्या व्यवसायांची लांबलचक यादी देण्याची प्रथा पडली होती. २०१३ च्या अधिनियमाने हा तिसरा प्रकार वगळला. आता उद्देश कलमाचे दोनच भाग असतात : स्थापनेच्या वेळी कंपनीने हाती घ्यावयाचे उद्देश, आणि ते साध्य करण्यासाठी आवश्यक असलेल्या बाबी. जमीन विकत घेणे, कर्ज काढणे, नोकर नेमणे यांसारख्या गोष्टी दुसऱ्या भागात येतात.

उद्देश कलम आणि ध्येयविधान यांत फरक आहे. ध्येयविधान ग्राहक व कर्मचारी यांच्यासाठी लिहिलेले असते. त्याला कायदेशीर बंधन नसते आणि संचालक ते केव्हाही बदलू शकतात. उद्देश कलम बदलण्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव आणि कंपनी निबंधकाकडे नोंदणी आवश्यक असते. कंपनीने माहितीपत्रकाद्वारे जनतेकडून पैसा उभारला असेल व तो पूर्णपणे खर्च झाला नसेल, तर बदलाचा तपशील वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो. बदलाला विरोध असलेल्या भागधारकांना बाहेर पडण्याची संधीही द्यावी लागते.

## अधिकारबाह्यतेचे तत्त्व

उद्देश कलमाबाहेरचे कृत्य 'अधिकारबाह्य' ठरते. हे तत्त्व इंग्लंडमधील अ‍ॅशबरी रेल्वे कॅरेज विरुद्ध रिच (१८७५) या खटल्यात दृढ झाले. रेल्वेचे डबे व साहित्य तयार करणे, विकणे आणि भाड्याने देणे हा कंपनीचा व्यवसाय होता. तिने बेल्जियममध्ये लोहमार्ग बांधण्यासाठी अर्थसाहाय्य देण्याचा करार केला. हा करार मुळातच शून्यवत असून सर्व भागधारकांनी संमती दिली तरी तो वैध होऊ शकत नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्‌सने दिला.

भारतात लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ (१९६३) हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. एका विमा कंपनीच्या संचालकांनी एका स्मारक न्यासाला दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. देणगीला भागधारकांचा ठराव होता, परंतु ती कंपनीच्या उद्देशांत बसत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने संचालकांना ही रक्कम परत करण्यास वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले.

उद्देश फार संकुचित लिहिण्यातही धोका असतो. १८८२ मधील जर्मन डेट कॉफी कंपनीच्या प्रकरणात खजुरापासून कॉफी बनविण्याच्या एका विशिष्ट जर्मन एकस्वाभोवती कंपनीचा उद्देश गुंफलेला होता. ते एकस्व मिळालेच नाही. कंपनीने स्वीडनमधील एकस्व घेऊन उत्पादन सुरू केले होते. तरीही मूळ आधारच नाहीसा झाल्याचे कारण देऊन न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला.

## उदाहरण : कोकण रेल्वे महामंडळ

एकाच स्पष्ट कामासाठी कंपनी स्थापन झाल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे महामंडळ. कणकवली हे या मार्गावरील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक स्थानक आहे. कोकणात लोहमार्ग व्हावा ही मागणी जुनी होती, पण रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून काम अत्यंत धीम्या गतीने होत होते. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना या कामासाठी स्वतंत्र कंपनी काढण्याचा निर्णय झाला. १९ जुलै १९९० रोजी महामंडळाची नोंदणी झाली. ई. श्रीधरन हे त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होते. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उर्वरित निधी मुख्यतः कर्जरोख्यांतून उभारण्यात आला.

महामंडळाचे प्रयोजन एका वाक्यात सांगता येत होते : रोहा ते मंगळुरू लोहमार्ग बांधणे व चालविणे. काम, त्याची दोन टोके आणि ते संपल्याची खूण या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. गोव्यातील आखणीवरून वाद होऊन काम रेंगाळले, तरी मूळ प्रयोजन बदलले नाही. सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला.

मार्ग बांधून झाल्यावर कंपनीपुढे नवा प्रश्न आला. १९९९ मध्ये मालमोटारी रेल्वेवरून वाहून नेण्याची रो-रो सेवा सुरू झाली. ती मूळ कामाशी सुसंगतच होती. पुढे मात्र महामंडळाने स्वतःच्या मार्गाबाहेरची बांधकामेही स्वीकारली. जम्मू-काश्मीरमधील चिनाब पूल हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध काम होय. मार्गाचे दुपदरीकरण व प्रवासी सुविधा यांसाठी निधी अपुरा पडतो, या कारणाने महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करावे अशी मागणी होत राहिली. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही त्यास संमती दर्शविली.

## लेखनाची तत्त्वे

उद्देश कलमात कंपनी काय करणार, कोणत्या वस्तू अथवा सेवेबाबत करणार आणि ते कोणासाठी किंवा कोठे करणार, हे थोडक्यात यावे अशी अपेक्षा असते. कणकवली तालुक्यातील बागायतदारांनी उत्पादक कंपनी काढल्याची कल्पना केल्यास पुढील फरक दिसतो :

* अतिव्यापक : 'सर्व प्रकारच्या मालाचा व्यापार करणे.' सभासदाला आपला पैसा कशात गुंतणार हे यातून कळत नाही.
* अतिसंकुचित : 'कोकमाचे आगळ तयार करणे.' आमसुले विकायची झाली तरी घटनापत्रक बदलण्याची वेळ येऊ शकते.
* योग्य : 'सभासदांनी पिकविलेले कोकम, काजू व आंबा यांची खरेदी, साठवण, प्रक्रिया व विक्री करणे.'

उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक व्यक्ती किंवा दोन उत्पादक संस्था लागतात. तिचे उद्देश अधिनियमाने दिलेल्या चौकटीत बसावे लागतात आणि सभासदांच्या उत्पादनाशी निगडित असावे लागतात.

## इतर देशांतील स्थिती

इंग्लंडच्या २००६ च्या कंपनी अधिनियमानुसार कंपनीने स्वतः बंधन घालून घेतले नसल्यास तिचे उद्देश अमर्याद मानले जातात. भारताने हा मार्ग स्वीकारलेला नाही. येथे अधिकारबाह्य कृत्य रोखण्यासाठी ठरावीक संख्येचे सभासद २०१३ च्या अधिनियमातील कलम २४५ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात.

## हे सुद्धा पहा

* घटनापत्रक
* कंपनी अधिनियम, २०१३
* उत्पादक कंपनी
* कोकण रेल्वे
* कणकवली रेल्वे स्थानक