म्हसवड : गहाण जमीन आणि सावकारी कायदे

म्हसवड (ता. माण, जि. सातारा) हे अवर्षणप्रवण माणदेशातील शहर. पाऊस हुकला की कर्ज आणि कर्जापायी जमीन गहाण, हा या भागातील जुना क्रम.

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो या दोन जिल्ह्यांसह सोलापूर व सातारा जिल्ह्यांना लागू झाला. कर्जरोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. तथापि, गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट सावकारांनी काढली.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये या पळवाटेची दखल घेण्यात आली. व्यवहार खरेदीखताने झालेला असला, तरी तो अवैध सावकारीतून झाल्याचे सिद्ध झाल्यास जिल्हा उपनिबंधक जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. विनापरवाना सावकारीस ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

कायद्याचा उपयोग मात्र बहुधा जमीन हातची गेल्यावरच होतो. त्यापूर्वी रास्त दराचे कर्ज मिळणे महत्त्वाचे ठरते. म्हसवड येथे चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक हा त्या दिशेने झालेला प्रयत्न होय.