तळटीप : ‘रद्द करणे’
१. रद्द करणे — प्रस्तुत ग्रंथात वारंवार येणाऱ्या या क्रियापदाचा अर्थ ‘फाडून टाकणे’ किंवा ‘पुसून टाकणे’ एवढाच घेतल्यास वाचकाची दिशाभूल होईल. ‘रद्द’ हा शब्द मूळचा अरबी. परत फिरविणे, नाकारणे हा त्याचा मूलार्थ, आणि फारसी दफ्तरांच्या वाटेने तो मराठीत रुजला. जो दस्तऐवज निरर्थक आहे किंवा निरर्थक ठरविता येण्याजोगा आहे, आणि जो तसाच राहू दिल्यास आपली गंभीर हानी होईल अशी वाजवी भीती ज्याला वाटते, त्याला तो न्यायालयाकडून रद्द करून घेण्याची मुभा १८७७ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या ३९ व्या कलमाने दिली, व १९६३ च्या अधिनियमाच्या ३१ व्या कलमाने ती कायम ठेवली. दस्त नोंदलेला असल्यास हुकूमनाम्याची नक्कल नोंदणी अधिकाऱ्याकडे जाते, आणि तो आपल्या बुकातील नकलेवर रद्द झाल्याचा शेरा लिहितो. जुनी नोंद मात्र दफ्तरात तशीच राहते. विधिमंडळ कायदा रद्द करते तेव्हा त्यास ‘निरसन’ ही संज्ञा अधिक काटेकोर होय. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या ६ व्या कलमानुसार, वेगळा उद्देश दिसून येत नसेल तर, निरसित कायद्याखाली पूर्वी प्राप्त झालेले हक्क अबाधित राहतात. सबब, हे क्रियापद जेथे येईल तेथे कोणी, कोणत्या अधिकाराने आणि केव्हापासून रद्द केले, हे तीन प्रश्न वाचकाने अवश्य विचारावेत.